जावक, आवक

वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत,
दहा बाय चौदाची खोली.
भिंतीपलीकडं दिवसभर यंत्रमाग,
अलीकडं सतरा वॉकर, सहा व्हीलचेअर,
पाण्याच्या गाद्या दोन, त्यातली एक गळकी,
आणि आम्ही पाच जण.
आमचं सरासरी वय काढायचं नाही
असा ठरावच आहे, एकमतानं.

अध्यक्ष कुमुदिनी हंगिरगेकर.
चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात
'थांबा, लाइन जोडते' म्हणाल्या.
आता कुणालाच थांबवत नाहीत,
रात्री अकराला फोन आला तरी चावी घेऊन निघतात.

दस्तगीर मुजावर बस डेपोत कंट्रोलर होते.
खुर्ची दाराबाहेर निघाली की पुकारतात,
"तीन नंबर, अनगोळमार्गे मच्छे, सुटणार, सुटणार!"
नेणाऱ्याला कधी हसू येतं.
नाही आलं तर दस्तगीर उगाच चष्मा पुसतात.
नेसरीकर गुरुजी पावत्या फाडतात
आणि दोन पावत्यांच्या मध्ये झोपतात.

बोर्डापायी तीन मीटिंगा गेल्या.
वर कुठली भाषा, खाली कुठली,
अक्षरं किती इंचांची.
पेंटर दोनदा डबा उघडून बसला, दोनदा झाकून गेला.
शेवटी नुसता फोन नंबर रंगवला
आणि शेजारी कुबडीचं चित्र,
लांबून बंदूक वाटते
असं एक हवालदार सांगून गेला.

मी पोस्टातला, म्हणून वही माझ्याकडं.
जावक: तारीख, नाव, वस्तू, अनामत दोनशे.
आवक: तारीख, सही.
'बरं वाटलं का' हा रकाना मुद्दाम आखला नाही.
परत करायला आलेल्याला आधी चहा, मग वही.
कुणी वॉकर घासूनपुसून आणतात,
कुणी हळदकुंकू लावून,
कुणी दाराशी ठेवतात आणि अनामत न घेताच जातात.
ती द्यायला मी जातो, सायकलवरून,
तेराव्यानंतर.

आणि इराप्पा होसमनी, अॅल्युमिनियमच्या कारखान्यातला.
परत आलेला प्रत्येक वॉकर
बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा, कलिंगडासारखा.
"हा बरा हाय."
"ह्याच्या मागच्या पायात चीर हाय, बाजूला ठेव."
आम्हाला काही दिसायचं नाही.
पंधरा दिवसांनी दिसायचं.
माझ्याशी मराठी बोलायचा,
वॉकरशी कन्नड.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी
तो भिंतीला हात लावत आत आला.
काही बोलला नाही.
रांगेतले सगळे वाजवले,
अकरा नंबरपाशी थांबला.
"ह्योच."
अनामत राहू दे म्हणालो तर रागावला,
"नियम मीच घातलाय की. लिही."
लिहिलं. जावक, सहाशे चौदा.
दस्तगीर गप्प.
"पुकारा की ओ, कंट्रोलर,"
दारातून इराप्पाच म्हणाला.
पुकारलं.

काल त्याची सून वॉकर घेऊन आली.
चहा घेतला. कन्नडमध्ये सही केली,
गोल, सुबक.
दोनशे रुपये संस्थेलाच राहू देत म्हणाली.
कुमुदिनीबाई आत चावी शोधत राहिल्या,
ती त्यांच्या हातातच होती.

ती गेल्यावर मी वॉकर जवळ ओढला,
पेरानं एकदा टकटक केली,
कान लावला.
मला काय कळतंय.
पलीकडं माग चालूच होते.

तरी लिहिलं: आवक. चारी पाय शाबूत.
शाई वाळायच्या आत दारात येळ्ळूरचा एक माणूस,
आईला दवाखान्यातून घरी न्यायचंय, पाचच्या आत.
"अकरा नंबर," मी म्हणालो.
दस्तगीरनी घसा खाकरला.